काकांचा चहा लांबला त्या दिवसाची गोष्ट, म्हणजेच वाय क्रोमोसोम टेस्टने नेमकं काय कळतं

आमच्याकडे आजोबांच्या हातची एक वंशावळ आहे. हिशेबाच्या लांब वहीची चार पानं खळीने एकाखाली एक चिकटवलेली, वर मूळपुरुष, खाली फांद्या फुटत फुटत शेवटी पेन्सिलीने लिहिलेलं माझ्या बाबांचं आणि काकांचं नाव. मुलींची नावं नाहीत, ते ओघाने आलंच. वरच्या एका ओळीत दोन भावांपैकी एकाच्या नावाची जागा कोरी सोडलीय आणि शेजारी फक्त 'बडोद्यास गेले' एवढंच लिहिलंय.

तर हे बडोद्यास गेलेले कोण, हा आमच्या घरचा जुना विषय. आणि मग बडोद्याचे एक गृहस्थ ओळखीतून ओळख निघत आमच्यापर्यंत पोचले, म्हणाले आमचा मूळपुरुष कोकणातल्या तुमच्याच गावचा असं आमच्यात सांगतात. कुलदैवत एक, गोत्र एक, पण आडनाव वेगळं, कारण त्यांचं आडनाव तिकडे मिळालेल्या हुद्द्यावरून पडलेलं. कागद दोघांकडेही नाही. मग मी म्हटलं वाय टेस्ट करून बघूया, आणि तेव्हापासून जो भेटेल तो मला विचारतो की म्हणजे काय गं नक्की, त्यात सगळं कळतं का. सगळं नाही कळत. काय कळतं ते सांगते.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं म्हणजे क्रोमोसोम असतात, २३ जोड्या. जोडीतलं एक आईकडून, एक बाबांकडून. बावीस जोड्यांचं असं होतं की पुढच्या पिढीला देताना दोघांचे तुकडे आपसात बदलले जातात, पत्त्यांचा कॅट पिसावा तसे, त्यामुळे दहा पिढ्यांनंतर कुठला पत्ता कुणाचा हे सांगणं मुश्किल. तेविसावी जोडी वेगळी. बाईत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. हा वाय लहानसा आहे, डीएनएची चार रासायनिक अक्षरं (ए, सी, जी, टी) मोजली तर साधारण ६ कोटी २० लाख अक्षरांचा (त्याचा पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण वाचलेला पाठ २०२३ मध्ये कुठे प्रसिद्ध झाला, इतका तो किचकट), आणि एक्सशी त्याचं जमतं ते फक्त दोन टोकांना. मधला जवळजवळ सगळा भाग पिसलाच जात नाही. बापाचा वाय मुलाला जसाच्या तसा, त्याचा त्याच्या मुलाला जसाच्या तसा.

म्हणून माझ्याकडे वाय नाही. एवढा उत्साह माझा आणि टेस्ट मात्र मला करता येईना. बाबा नाहीत, सख्खा भाऊ नाही, मग धाकटे काका. तसा काकांचा मुलगाही चालला असता, त्याच्यात तोच वाय आहे, पण एक पिढी वरचा माणूस मिळत असेल तर तो घ्यावा, मूळपुरुषाच्या एक पायरी जवळ.

आता 'जसाच्या तसा' म्हटलं खरं, पण तसं शंभर टक्के असतं तर जगातल्या सगळ्या पुरुषांचा वाय एकच निघाला असता आणि टेस्टचा काही उपयोग नसता. खरी गंमत चुकांमध्ये आहे. पोथ्यांच्या नकला कशा व्हायच्या आठवा. एक लेखनिक समोर पोथी ठेवून उतरवून काढणार, एखादा शब्द चुकणार, मग पुढचा लेखनिक ती चूकही इमानेइतबारे उतरवणार आणि वर स्वतःची एक घालणार. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ला काम सुरू आणि १९६६ ला पूर्ण, १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. त्यात मुख्य युक्ती हीच, दोन पोथ्यांत सारखेच पाठभेद दिसले तर त्या कुठल्यातरी एकाच पोथीवरून उतरलेल्या. वाय टेस्ट म्हणजे पुरुषांच्या पाठभेदांची ताडणी आहे, बाकी काही नाही.

हे हस्तदोष दोन जातीचे. एक म्हणजे एखादं अक्षरच बदलणं. हे एका ठरावीक जागी क्वचितच होतं, पण झालं की त्या माणसाच्या खालच्या सगळ्या पुरुषांत ते कायमचं राहतं. याला एसएनपी म्हणतात, उच्चार स्निप. दुसरा दोष जास्त वेळा होतो. वायवर काही जागा अशा आहेत जिथे तेच चार अक्षरी तुकडे पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे रामनामाच्या वहीत 'राम राम राम' लिहिताना तेराच्या जागी चौदा वेळा लिहिलं जावं तसं. डीवायएस ३९३ नावाची एक जागा आहे, तिथे कुणाचे १२ तुकडे असतात, कुणाचे १३, कुणाचे १४. या जागांना मार्कर म्हणतात, या प्रकाराला एसटीआर. ३७ मार्करची टेस्ट म्हणजे अशा ३७ जागी किती किती तुकडे ते मोजायचं आणि ३७ आकड्यांची एक ओळ हातात द्यायची. १११ मार्करचीही असते. ती ओळ एकट्याने घेऊन बसलं तर तिला काडीचा अर्थ नाही, दुसऱ्या कुणाच्या ओळीशेजारी ठेवली की ती बोलायला लागते.

काकांची टेस्ट रविवारी सकाळी. किट त्यांच्या मुलाने न्यू जर्सीहून येताना आणलेलं, त्यात दोन काड्या, टोकाला बोळ्यासारखं काहीतरी, आणि दोन बारक्या कुप्या. काडी गालाच्या आतून मिनिटभर घासायची, पण त्याआधी तासभर काही खायचं प्यायचं नाही. काका पाचला उठतात आणि साडेपाचला चहा, यात गेल्या चाळीस वर्षांत बदल नाही. त्या दिवशी आम्ही पोचलो साडेसहाला आणि काका स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे, गॅसवर भांडं तसंच, 'अगं लवकर कर गं बाई, पूर्वजांच्या नादात आत्ताचा जायचा' असं म्हणत. गाल घासताना ते इतके गंभीर होते की काकूंना हसू आवरेना. काडी कुपीत, कुपी पाकिटात, आणि पाकीट पुन्हा त्याच मुलाच्या बॅगेतून परत. तिकडे बडोद्याच्या गृहस्थांनीही हेच केलं.

निकाल यायच्या आधी मी आकडेमोड करून ठेवली होती, ती इथे देते कारण सगळा खेळ तिच्यात आहे. ज्या दोन भावांपासून आमच्या शाखा फुटल्या असं आम्ही धरतोय त्यांचे वडील काकांच्या वर आठव्या पायरीवर. बडोद्याकडेही साधारण तेवढ्याच पायऱ्या धरा. म्हणजे दोन्हीकडच्या मिळून १६ वेळा बापाकडून मुलाकडे नक्कल झाली. प्रत्येक वेळी ३७ जागा, म्हणजे ५९२ वेळा चुकायची संधी. एका मार्करवर बदल व्हायचं प्रमाण सरासरी अडीचशे ते पाचशे नकलांत एक. तर आमच्यात एक, दोन, फार तर तीन-चार फरक असायला हवेत. शून्य आला तरी आश्चर्य नाही. पंधरा-वीस आले तर विषय संपला, ते आमचे नव्हेत.

आले दोन. ३७ पैकी ३५ जुळले.

काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, मग झालं की, तोच तो भाऊ! आणि इथेच सगळे फसतात. हे फसणं सांगायला अमेरिकेतल्या जेफरसनची गोष्ट फार चांगली आहे. थॉमस जेफरसन, तिसरे अध्यक्ष. त्यांच्या घरी सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती आणि तिची मुलं जेफरसनचीच असं तेव्हापासून लोक बोलत. घराण्यातले लोक म्हणत, छे, ती जेफरसनच्या भाच्यांची, कार बंधूंची. १९९८ मध्ये याची वाय टेस्ट झाली. जेफरसनच्या लग्नाच्या बायकोपासून झालेला मुलगा वाचलाच नव्हता, मग वाय आणायचा कुठून? तर त्यांच्या सख्ख्या काकांच्या, फील्ड जेफरसनच्या, वंशजांकडून. आमच्यासारखंच, बाप नाही तर काका. तो वाय सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या पुरुष वंशजाशी जुळला, आणि कार घराण्याचा जुळला नाही. शिवाय जेफरसनांचा वाय तसा दुर्मीळ प्रकारातला, त्यामुळे योगायोगाने जुळला म्हणायलाही जागा कमी. पण. थॉमसला रॅन्डॉल्फ नावाचा धाकटा भाऊ होता, त्याला मुलगे होते, आणि त्या सगळ्यांचा वाय तोच. टेस्ट म्हणते 'जेफरसन पुरुष', कुठला जेफरसन ते टेस्टला माहीत नाही. ते ठरवायला सॅलीला दिवस राहिले त्या त्या वेळी थॉमस घरी होता की नाही याच्या नोंदी काढाव्या लागल्या, तो दरवेळी घरी होता, आणि आज बहुतेक इतिहासकार बाप थॉमसच असं मानतात. पण ते कागद आणि वाय दोन्ही एकत्र ठेवून.

त्याच टेस्टमध्ये आणखी एक घराणं होतं, वुडसन, त्यांच्यात पिढ्यानपिढ्या सांगत आले की आमचा मूळपुरुष टॉम हा सॅली आणि जेफरसनचा पहिला मुलगा. त्यांचा वाय जुळला नाही. म्हणजे बघा, वाय टेस्टचं 'नाही' पक्कं असतं आणि 'हो' सैल असतं. दोन पुरुष एकाच पुरुषशाखेतले नाहीत हे ती ठामपणे सांगते, आहेत म्हटलं तर कितव्या पिढीत ते एका अंदाजात सांगते, पाच ते पंधरा पिढ्या वगैरे, आणि नाव कधीच सांगत नाही.

'नाही' पक्कं म्हटलं त्यालाही एक पाचर आहे. नाही म्हणजे वायची साखळी कुठेतरी तुटली, पण कुठे आणि का ते कळत नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ ला लढाईत मेला, त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका कार पार्किंगच्या खाली सापडला. आईकडून येणारा डीएनए त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला, सांगाडा त्याचाच हे ठरलं. पण वडिलांच्या बाजूने, त्याच घराण्याच्या कागदोपत्री वंशज असलेल्या पाच जणांचा वाय घेतला तर पाचातल्या एकाचाही राजाशी जुळेना, आणि त्या पाचांतसुद्धा चौघांचा एक आणि पाचव्याचा वेगळाच. शेकडो वर्षांच्या वंशावळीत एकदा नाही, किमान दोनदा कुणाच्या तरी बापाचं नाव कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं होतं. युरोपात आडनावं आणि वाय ताडून जे अभ्यास झाले त्यांत हे प्रमाण पिढीला एक टक्क्याच्या आसपास निघतं. ऐकायला कमी वाटतं, पण आमच्या १६ पायऱ्यांना लावलं तर कुठेतरी साखळी तुटलेली असण्याची शक्यता पंधरा टक्के होते. हे मी काकूंना सांगितलं, काकांना नाही.

आपल्याकडे तर यात दत्तकाची भर. दत्तक गेला की गोत्र बदलतं, आडनाव बदलतं, वंशावळीत तो औरस मुलासारखा बसतो आणि वाय मात्र जन्मदात्याचाच राहतो. पण गंमत अशी की दत्तक शक्यतो भाऊबंदातला घ्यायची पद्धत, त्यामुळे बऱ्याचदा वाय बदलतच नाही. बडोद्याचंच उदाहरण घ्या, १८७५ ला गादीवर दत्तक आलेले सयाजीराव नाशिककडच्या कवळाण्याचे, पण गायकवाडांच्याच एका शाखेतले. दौहित्र म्हणजे मुलीचा मुलगा दत्तक घेतला की मात्र साखळी नक्की तुटते. आणि आजोबांच्या वंशावळीत कोण दत्तक हे कुठे लिहिलंय?

आडनावाचं तर विचारूच नका. इंग्रजांकडे आडनावांवरून वाय शोधायची फार हौस, ब्रायन साईक्स नावाच्या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाने स्वतःच्याच आडनावाचे ४८ पुरुष गोळा करून तपासले, निम्म्याच्या थोड्या खाली एकाच वायचे निघाले, २००० सालची गोष्ट. हा प्रयोग पाटील, कुलकर्णी, देशपांडे यांच्यावर करून बघा! ही आडनावं नव्हेत, कामं आहेत, गावोगावी वेगळ्या माणसाला मिळालेली, त्यात एक मूळपुरुष शोधणं म्हणजे जगातल्या सगळ्या पोस्टमास्तरांचा आजोबा शोधणं. 'कर' लावलेल्या आडनावांचंही तेच, एका गावातून निघालेली चार घराणी एकच आडनाव लावतात. गोव्यातले फर्नांडिस आणि डिसोझा आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज पाद्री किंवा धर्मपित्याकडून आलेलं लावतात, वाय आपला इथलाच. त्यामुळे आपल्याकडे आडनाव सारखं म्हणून टेस्ट करण्यापेक्षा, आडनाव वेगळं पण हकीकत जुळतेय, अशा ठिकाणी टेस्ट जास्त कामाची.

हकीकत आणि वाय जुळल्याचं कोकणातलंच एक सुंदर उदाहरण म्हणजे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनवार तेली म्हणायचे त्यांना, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचे आपण वंशज. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास आला. त्यात मिश्रण दिसलं, मध्यपूर्वेतल्या ज्यूंचं आणि इथल्या लोकांचं, १९ ते ३३ पिढ्यांमागे झालेलं, आणि त्यात ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त, इथला वाटा बायकांकडून जास्त. म्हणजे परंपरेचा गाभा खरा, फक्त सातही बायका जहाजातूनच आल्या होत्या या भागाला थोडा धक्का. एकटा वाय बघितला असता तर इथल्या आज्या दिसल्याच नसत्या.

आणि हे वायचं सगळ्यात मोठं न्यून. आठव्या पायरीवर माझे २५६ पूर्वज आहेत (मामाच्या मुलीशी लग्नं झाली असतील तिथे थोडे कमी), त्यातल्या एकाबद्दल वाय बोलतो. उरलेल्या २५५ बद्दल गप्प. तरी लोक रिपोर्ट आला की 'आम्ही मूळचे अमुक' म्हणून मोकळे होतात. रिपोर्टमध्ये एक हॅप्लोग्रुप लिहून येतो, म्हणजे जगातल्या सगळ्या पुरुषांच्या झाडावर तुमची फांदी कुठली, ए पासून टी पर्यंत अक्षरं, पुढे आकडे. भारतात आर१ए, आर२, एच, एल, जे२ हे नेहमीचे. यातला आर१ए आला की काही जण लगेच 'आम्ही आर्य' म्हणत कॉलर ताठ करतात, आणि हे मला फार विनोदी वाटतं. आर१ए पोलंडमध्येही भरपूर आणि इथेही भरपूर, पण दोन्हीकडच्या फांद्या साधारण पावणेसहा हजार वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्यात, आणि इथे तो ब्राह्मणांत सापडतो तसा मध्य भारतातल्या सहरिया आदिवासींतही सापडतो. हॅप्लोग्रुपवरून जात कळत नाही. गोत्रही नाही, गोत्राचे ऋषी तर राहूच द्या.

आम्ही मात्र पुढे एक पायरी गेलो. ३७ मार्करवर कधीकधी नात्यातले नसलेले लोकही योगायोगाने जुळतात, एकाचे १३ चे १४ झाले आणि दुसऱ्याचे १५ चे १४ झाले की दोघे भाऊ भाऊ दिसायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे मोठी टेस्ट, जिच्यात वायची दीड कोटीच्या आसपास अक्षरं सरळ वाचून काढतात आणि स्निप शोधतात. एवढ्या अक्षरांत साधारण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी एक नवा स्निप पडतो, म्हणजे तीनेक पिढ्यांत एक. खर्च बराच, तो बडोदेकरांनी आणि आम्ही वाटून घेतला. त्यात काका आणि ते गृहस्थ यांच्यात काही स्निप असे सामाईक निघाले जे टेस्ट कंपनीच्या डेटाबेसमध्ये दुसऱ्या कुणातच नाहीत, आणि सामाईक स्निपांच्या पुढे दोघांचे स्वतंत्र प्रत्येकी दोन-तीन. तीन पिढ्यांना एक या हिशेबाने शाखा सहा ते नऊ पिढ्यांमागे फुटल्या. वंशावळीशी बसतं.

डेटाबेसमध्ये दुसऱ्या कुणात नाहीत, याला फार भुलायचं नाही हेही सांगते, कारण तिथे भारतीयच फार कमी आहेत. आयरिश माणसाने टेस्ट केली तर त्याला शेकड्याने मॅच येतात, आपल्याला बहुतेक वेळा कोरी पाटी. म्हणून 'टेस्ट करून बघू काय निघतंय' असं करणाऱ्या मराठी माणसाचे पैसे बहुधा वाया जातात. आधी प्रश्न हवा आणि प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला गालात काडी फिरवायला तयार असलेला एक पुरुष हवा.

त्या पुरुषाला आधी नीट सांगा पण. एकाचा वाय म्हणजे सगळ्या भावकीचा वाय, एकाच्या रिपोर्टमधून चुलत्या-पुतण्यांची गुपितं बाहेर येऊ शकतात, आणि ती एकदा कळली की न कळल्यासारखं करता येत नाही. माहिती कंपनीकडे राहते ते वेगळंच. ट्वेंटीथ्रीअँडमी या मोठ्या अमेरिकन कंपनीची २०२३ मध्ये ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लोक घाईघाईने आपापला डेटा पुसायला धावले. आम्ही काकांचं नाव न देता आद्याक्षरं घातली, नमुना नष्ट करा असं कळवलं. पुरेसं आहे का, माझ्या मते नाही, पण तेवढंच हातात होतं.

आता आमचं घोडं अडलंय ते जेफरसनच्याच जागी. बडोदेकर आणि आम्ही एका पुरुषशाखेचे, एवढं झालं. पण त्यांचा मूळपुरुष म्हणजे कोऱ्या जागेतला तोच भाऊ, की त्याचा चुलतभाऊ, की पुतण्या, हे वाय जन्मात सांगणार नाही. ते सांगेल कागद. बडोद्याच्या गृहस्थांना त्यांच्या घरच्या एका जुन्या पेटीत मोडीतला इनामाचा कागद सापडलाय, त्याचा फोटो त्यांनी पाठवला, मी दोन मोडी वाचणाऱ्यांना दाखवला. बापाचं नाव आमच्या वंशावळीशी जुळतंय असं दोघांचंही मत. मुलाच्या नावावर नेमकी कागदाची घडी आलीय, पहिलं अक्षर 'रा' आहे यावर एकमत, पुढचं एक जण 'घो' वाचतो आणि एक जण 'मा'. काकांना फोटो मोठा करून दाखवला तर ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'आत घडीत काहीतरी आहे बघ, त्यांना म्हणावं मूळ कागद घेऊन या इकडे, चहाला.'